रंग फिका, विष जास्त

पावसाळ्याच्या तोंडावर मिठी, दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या उपनगरांतल्या नद्यांच्या काठांवर दर वर्षी काळ्या गाळाचे ढीग दिसू लागतात. गाळ किती निघाला, डंपरच्या फेऱ्या किती झाल्या, वजनकाट्याच्या पावत्या खऱ्या की खोट्या, यावर बातम्या येतात, वाद होतात. ते योग्यच आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तुंबलेल्या मिठीने काय हाहाकार माजवला हे अंधेरी-कुर्ल्याचा माणूस विसरलेला नाही. पण गाळाबाबतचा एक प्रश्न वजनकाट्यावर सुटत नाही. त्या गाळात आहे तरी काय? हा गाळ शहराबाहेरच्या सखल जमिनीवर नेऊन टाकतात. तिथे उद्या कोणी भाजी लावेल, कोणी घर बांधेल, मुले खेळतील.

गाळातले सांडपाणी, प्लास्टिक आणि जड धातू यांची चर्चा आपल्याकडे होते. कीटकनाशकांची फारशी होत नाही, कारण ते शेतीचे दुखणे आहे असे आपण गृहीत धरतो. शिवाय मातीतील कीटकनाशकांचे अवशेष मोजणे ही वेळखाऊ आणि खर्चिक गोष्ट आहे. या दुसऱ्या अडचणीवर जगात गेली काही दशके एक साधन वापरले जाते, ते म्हणजे प्रतिपिंडांवर आधारित चाचणी संच, म्हणजेच इम्युनोअ‍ॅसे किट. ते काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे समजून घेणे उपनगरांतल्या रहिवाशांच्या कामाचे आहे.

शहरात कीटकनाशक आले कुठून?

याचे एक उत्तर मलेरियाच्या इतिहासात आहे. १९४६ मध्ये तत्कालीन मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली मलेरियाविरुद्ध डीडीटी फवारणीचे मोठे प्रयोग सुरू झाले. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम आला आणि देशभर घरोघरी भिंतींवर डीडीटी मारले गेले. त्यातून असंख्य जीव वाचले, हे नाकारण्यात अर्थ नाही. शेतीसाठी डीडीटीवर १९८९ मध्ये बंदी आली, रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणासाठी मात्र त्याचा मर्यादित वापर सुरू राहिला.

दुसरे उत्तर आपल्या इमारतींच्या पायाखाली आहे. वाळवी लागू नये म्हणून बांधकामाच्या वेळी पायाच्या मातीत कीटकनाशक मुरवण्याची पद्धत जुनी आहे. एके काळी त्यासाठी आल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर अशी चिवट रसायने वापरत. १९९६ मध्ये या तिन्हींवर भारतात बंदी आली आणि त्यांची जागा क्लोरपायरिफॉससारख्या औषधांनी घेतली. आता तेही वादात आहे. घातक आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या रसायनांवरील स्टॉकहोम कराराच्या यादीत २०२५ मध्ये क्लोरपायरिफॉसचा समावेश झाला, काही सवलती ठेवून. भारताने हा करार जानेवारी २००६ मध्ये स्वीकारला आहे.

तिसरे उत्तर रोजचे आहे. सोसायटीतली पेस्ट कंट्रोलची फवारणी, डासांसाठीचा धूर, बागेतल्या गुलाबावर मारलेले औषध, मुंग्यांची पावडर. पहिल्या पावसात हे सारे गटारात, तिथून नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जाते. हा केवळ तर्क नाही. कॅलिफोर्नियातील रोझव्हिल या उपनगरात डॉन वेस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओढ्यांचा गाळ तपासला, तेव्हा त्यात पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके सापडली. गाळात राहणाऱ्या छोट्या जलचरांना मारण्याइतके त्यांचे प्रमाण होते. आजूबाजूला शेती नव्हती, होती ती घरे आणि हिरवळी. २००५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि कीटकनाशक म्हणजे फक्त शेतकऱ्याचा विषय, या समजाला धक्का बसला.

पाण्यात नव्हे, चिखलात

डीडीटी आणि त्याची भावंडे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. तेलकट पदार्थांशी त्यांचे सख्य. म्हणून ती पाणी सोडून मातीतल्या सेंद्रिय द्रव्याला आणि चिकणमातीच्या बारीक कणांना चिकटून बसतात. मातीतले डीडीटी निम्मे व्हायला परिस्थितीनुसार २ ते १५ वर्षे लागू शकतात. त्यामुळे नदीच्या पाण्याचा नमुना स्वच्छ आला म्हणजे नदी स्वच्छ, असे होत नाही. पाणी आज आहे आणि उद्या खाडीत जाईल. गाळ मात्र वर्षानुवर्षांचा हिशेब सांभाळून बसलेला असतो.

मुंबईच्या किनाऱ्याबाबत हा हिशेब तपासण्याचे काम झालेले आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी मुंबईच्या किनारी सागरी पर्यावरणात एचसीएच आणि डीडीटी कसे पसरले आहेत, यावरचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. एचसीएच म्हणजे आपल्याकडे ‘बीएचसी पावडर’ म्हणून ओळखले जाणारे औषध. त्यावर १९९७ मध्ये बंदी आली. याच केंद्रातील शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये ठाणे खाडीतल्या गाळाचा उभा नमुना काढून वेगवेगळ्या थरांत पीसीबी ही औद्योगिक रसायने कशी साठली आहेत, याचाही अभ्यास मांडला. गाळाचे थर म्हणजे जणू जुन्या वहीची पाने. खालचे पान जुने, वरचे ताजे.

ही वही खाडीतल्या जिवांच्या ताटात असते. गाळातले किडे आणि शिंपल्यातले जीव ती ‘खातात’, त्यांना मासे खातात, माशांना पक्षी आणि माणसे. मुलुंड-ऐरोली पट्ट्यातून जाणारी ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर पाणथळ. काठच्या कोळीवाड्यांच्या पोटाचा प्रश्नही तिच्याशीच जोडलेला आहे. अशी रसायने चरबीत साठतात, आईच्या दुधातूनही बाळापर्यंत पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये डीडीटीला ‘बहुधा कर्करोगजनक’ आणि एचसीएच कुळातल्या लिंडेनला ‘निश्चित कर्करोगजनक’ ठरवले. घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण धोका प्रमाणावर अवलंबून असतो. पण प्रमाण कळायचे तर मोजायला हवे.

लोकलच्या डब्यातली चाचणी

करोनाच्या काळात घराघरात पोहोचलेली रॅपिड अँटिजेन चाचणी आठवा. पट्टीवर अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडे बसवलेली असतात आणि ती विशिष्ट पदार्थालाच पकडतात. मातीतल्या कीटकनाशकाच्या किटचे तत्त्व तेच. या घराण्याची सुरुवात अमेरिकेतील रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातील इन्सुलिन मोजण्यासाठी शोधलेल्या पद्धतीने झाली. यालो यांना त्यासाठी १९७७ चे नोबेल मिळाले. त्या पद्धतीत किरणोत्सारी पदार्थ लागत. १९७१ मध्ये स्वीडनच्या एव्हा एंगव्हाल आणि पीटर पर्लमन यांनी त्यांच्या जागी एन्झाइम आणले आणि रंगाने उत्तर देणारी ‘एलायझा’ चाचणी जन्माला आली. त्याच सुमारास नेदरलँड्समध्येही तशीच पद्धत विकसित झाली.

कीटकनाशकाचा रेणू मात्र इतका छोटा असतो की शरीर त्याची दखलच घेत नाही. त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करायची तर आधी तो एखाद्या मोठ्या प्रथिनाला जोडावा लागतो. शिवाय छोट्या रेणूला एका वेळी दोन प्रतिपिंडे धरू शकत नाहीत. म्हणून इथे स्पर्धा लावतात.

कशी, ते चर्चगेटहून सुटणाऱ्या बोरिवली लोकलवरून समजून घेऊ. किटच्या नळीत आतून प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. ही झाली डब्यातली मोजकी आसने. मातीतून काढलेले कीटकनाशक म्हणजे साधे प्रवासी. किटबरोबर त्याच कीटकनाशकाचे एन्झाइम जोडलेले रेणू येतात, ते टोपी घातलेले प्रवासी. दोन्ही गट एकदमच डब्यात सोडायचे. ज्याला आसन मिळाले तो बसला. मग नळी धुवायची, म्हणजे उभे असलेले सगळे उतरतात. शेवटी रंगद्रव्य घालायचे. ते फक्त टोपीवाल्यांना ओळखते आणि निळे होते. माती स्वच्छ असेल तर आसनांवर टोपीवालेच बसतात आणि रंग गडद येतो. मातीत कीटकनाशक भरपूर असेल तर साधे प्रवासी जागा अडवतात आणि रंग फिका पडतो.

हे उलटे गणित लक्षात ठेवायला हवे. करोनाच्या पट्टीवर रेघ उमटली की धोका, इथे रंग उमटला नाही की धोका.

प्रत्यक्षात काम असे चालते. ठरावीक वजनाची माती घ्यायची, मिथेनॉलमध्ये जोराने हलवायची, गाळायची, पातळ करायची आणि नळीत घालायची. ठरलेल्या मिनिटांनी धुवायचे, रंगद्रव्य घालायचे आणि आम्लाने क्रिया थांबवायची. तेव्हा निळा रंग पिवळा होतो. छोट्या रंगमापक यंत्रात तो मोजून माहीत असलेल्या प्रमाणाच्या नळ्यांशी ताडून पाहायचा. एका बैठकीत अनेक नमुने होतात आणि त्याच दिवशी उत्तर मिळते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशा चाचण्यांना आपल्या अधिकृत पद्धतींत स्थान दिले आहे. मातीतील डीडीटीसाठीची पद्धत तिथे ४०४२ या क्रमांकाने ओळखली जाते, क्लोरडेनची ४०४१. आपल्याकडेही या दिशेने काम झाले आहे. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय संस्थेतील संशोधकांनी २००९ मध्ये सोन्याचे अतिसूक्ष्म कण वापरून डीडीटी ओळखणारी पट्टी विकसित केल्याचे प्रसिद्ध केले.

किट कुठे फसते?

पहिली गोष्ट म्हणजे, एक किट साधारणपणे एका रसायनापुरते किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकांपुरते असते. डीडीटीचे किट क्लोरपायरिफॉस पाहत नाही. शिसे, क्रोमियम किंवा सांडपाण्यातले जंतू तर नाहीच नाही. रेल्वेमार्गालगत नाल्याच्या पाण्यावर वाढवलेल्या पालक-मुळ्याची चिंता असेल तर तिथे जंतू आणि धातूंचा प्रश्न आधी येतो. डीडीटीचे किट ‘ठीक आहे’ म्हणाले म्हणून ती भाजी ठीक ठरत नाही.

दुसरी गोष्ट नातेवाइकांची. मातीत हवा असते तिथे डीडीटीचे हळूहळू डीडीई होते, खाडीच्या हवाबंद चिखलात डीडीडी. जुन्या अवशेषांत मूळ डीडीटी थोडे आणि ही दोन जास्त असू शकतात. किटमधली प्रतिपिंडे तिघांना सारख्याच ताकदीने पकडतील असे नाही. कोणाला किती पकडतात, याचा तक्ता किटबरोबरच्या माहितीपत्रकात असतो. तो न वाचता काढलेला आकडा दिशाभूल करू शकतो. उलट, प्रयोगशाळेत तिन्ही वेगळे मोजले तर डीडीटी आणि डीडीई यांच्या प्रमाणावरून अवशेष जुने की ताजे याचा अंदाज येतो. हे किटला जमत नाही.

तिसरी गोष्ट खुद्द गाळाची. नाल्याचा गाळ ओला, खारट, तेलकट आणि सेंद्रिय द्रव्याने भरलेला. त्यातले पाणी मिथेनॉल पातळ करते आणि रसायन पुरते बाहेर येत नाही. मग विष असूनही रंग गडद दिसू शकतो. सेंद्रिय द्रव्य मात्र प्रतिपिंडांच्या कामात लुडबूड करते आणि विष नसतानाही रंग फिका पडू शकतो. म्हणून जाणकार माणूस प्रत्येक खेपेला काही जादा नळ्या ठेवतो. एक कोरी, एक माहीत प्रमाणाची, एकाच मातीच्या दोन आणि एक अशी की जिच्यात त्याच गाळात मुद्दाम ठरावीक प्रमाणात कीटकनाशक मिसळले आहे. त्या शेवटच्या नळीने योग्य उत्तर दिले नाही, तर त्या गाळापुरते किट विश्वासार्ह नाही, असे समजायचे. गाळातल्या ओलाव्याचे प्रमाणही वेगळे मोजावे लागते. कोरड्या वजनावर हिशेब केला नाही तर दोन ठिकाणांची तुलनाच होत नाही.

म्हणूनच किटने दिलेला कौल अंतिम मानत नाहीत. मातीसाठीची अनेक किट मुद्दाम सावध बाजूला झुकवलेली असतात. थोडा संशय आला तरी ती ‘आहे’ म्हणतात. त्यामुळे वरच्या जादा नळ्यांची उत्तरे बरोबर आली असतील तर किटच्या ‘नाही’वर त्याच्या मर्यादेपर्यंत विश्वास ठेवता येतो. ‘आहे’ची खात्री मात्र गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री या यंत्रांवरच करावी लागते. गैरसमज नको म्हणून आणखी एक फरक. भाज्यांवरच्या औषधासाठी बाजारात मिळणाऱ्या काही झटपट पट्ट्या प्रतिपिंडांवर नव्हे, तर एका एन्झाइमचे काम बंद पडते का यावर चालतात. त्या ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट गट ओळखतात, डीडीटी नाही.

मग उपयोग काय?

उपयोग मोठा आहे, पण तो कुठे शोधायचे हे सांगण्याचा. मातीतले प्रदूषण सगळीकडे सारखे पसरलेले नसते. पावडरचे पोते फुटले होते त्या कोपऱ्यात भरपूर आणि दहा पावलांवर काहीच नाही, असे असते. प्रयोगशाळेच्या खर्चात दोनच नमुने बसत असतील तर नेमका तो कोपरा हातून सुटण्याचीच शक्यता जास्त. समजा नदीकाठच्या गाळाचे वीस ठिकाणचे नमुने किटने पाहिले आणि तीन ठिकाणी रंग स्पष्ट फिका आला. मग ते तीन आणि पडताळणीसाठी गडद रंगाचे दोन, असे पाचच प्रयोगशाळेत पाठवायचे. प्रयोगशाळेचा खर्च पाचच नमुन्यांचा, पण नजर वीस ठिकाणी.

कायद्याची चौकटही याला अनुकूल आहे. केंद्र सरकारने २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्यांत संशयित जागेची आधी प्राथमिक आणि मग सविस्तर तपासणी अशा पायऱ्या आहेत. पहिल्या चाळणीसाठी किट योग्य ठरू शकते. नालेसफाईचा गाळ कुठे टाकायचा हे ठरवण्याआधी प्रत्येक नदीच्या ठरावीक टप्प्यांवर अशी चाळणी लावली, निकाल जाहीर केले आणि संशयास्पद गाळ वेगळा ठेवला, तर ज्याच्या दारात तो जाऊन पडतो त्याला निदान काय पडले ते कळेल. वर्सोव्यात मत्स्य शिक्षणाची केंद्रीय संस्था आहे, पवईत आयआयटी आहे, तुर्भ्यात भाभा केंद्र आहे. पडताळणी करू शकणारी माणसे उपनगरांच्या कुशीतच बसलेली आहेत.

सोसायटीच्या बागेसाठी

मिथेनॉल विषारी आणि ज्वलनशील असल्याने हा स्वयंपाकघरातल्या ओट्यावर करायचा प्रयोग नव्हे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली तो होऊ शकतो. नमुना मात्र नीट घेतलेला असावा. शेतकऱ्याला माहीत असलेले माती परीक्षण आणि मृदा आरोग्य पत्रिका नत्र, स्फुरद, पालाश, सामू, सेंद्रिय कर्ब असे १२ घटक सांगतात. कीटकनाशकांचे अवशेष त्यांत नसतात. अवशेषांसाठी वाफ्यातल्या आठ-दहा जागांची वरच्या १५ सेंटिमीटरमधली माती घ्यावी, नीट मिसळून ढिगाचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन ठेवावेत, असे करत अर्धा किलो उरवावी. ती प्लास्टिकच्या पिशवीत न भरता स्वच्छ काचेच्या बरणीत भरावी आणि उन्हात न वाळवता अंधारात, थंड जागी ठेवावी. बरणीवर जागा आणि तारीख लिहावी.

चाचणी होईपर्यंतही काही गोष्टी आपल्या हातात आहेत. नाल्यातला किंवा खाडीतला गाळ खत म्हणून बागेत आणू नये. इमारतीच्या भिंतीला लागून, जिथे वाळवीचे औषध मुरवलेले असते, तिथे भाजी लावू नये, त्यासाठी कुंड्या आणि वाफे वेगळी माती आणून भरावेत. मुळा, गाजर, रताळे चोळून धुवावे आणि साल काढावी, कारण अशी रसायने पानांपेक्षा मातीत आणि मातीला टेकलेल्या सालीवर अधिक असतात. याला अपवाद भोपळ्याच्या कुळातल्या झुकिनीसारख्या काही जातींचा. त्या जमिनीतून डीडीई शोषून वर चढवतात, असे प्रयोगांत दिसले आहे. लहान मुले मातीत खेळून आली की हात धुतल्याशिवाय खाऊ देऊ नये, कारण त्यांच्या पोटात माती भाजीतून जाते त्याहून अधिक बोटांवरून जाते.

आणि पेस्ट कंट्रोलवाला आला की त्याला औषधाचे नाव विचारावे, डब्यावरचे लेबल पाहावे आणि तारखेसह सोसायटीच्या वहीत नोंद करावी. मातीत नेमके काय शोधायचे हे आधी ठाऊक असेल तरच योग्य किट निवडता येते. ही नोंद नसेल, तर दहा वर्षांनी त्या मातीची तपासणी करणाऱ्याला अंधारात चाचपडत एकामागून एक रसायन शोधत बसावे लागेल.